टोमॅटोचा पत्ता

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी रोज सकाळी साडेआठाच्या सुमारास भाजीची हातगाडी येऊन उभी राहते. निवृत्त माणसाला जी काही मोजकी सार्वजनिक कामे उरतात त्यांत भाजी आणणे हे प्रमुख होय. तेव्हा पिशवी घेऊन मी तेथे वेळेवर हजर असतो. गाडीच्या मधोमध, मेथीच्या जुड्या आणि टोमॅटोंचा ढीग यांच्या सरहद्दीवर, एक लहानशी पाटी उभी केलेली आहे. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन असतो. गाडीवाला त्याला ‘स्कॅनर’ म्हणतो. मोबाइल त्याच्यासमोर धरला की माझ्या बँकेतले पैसे त्याच्या बँकेत जातात आणि गाडीला टांगलेली एक डबी ‘चाळीस रुपये प्राप्त झाले’ असे साऱ्या फाटकाला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करते. कोणाच्या घरी आज किती रुपयांची भाजी शिजणार, हे आमच्या सोसायटीत आता गुपित राहिलेले नाही.

एके दिवशी सहज म्हणून मी त्याला विचारले, “हे टोमॅटो कुठले रे?”

“वाशीचे, काका.”

वाशीला टोमॅटोचा बाजार भरतो, टोमॅटो पिकत नाहीत, एवढा भूगोल मला येतो. मी मेथीकडे बोट दाखवले.

“वाशीची.”

“आणि ही फरसबी?”

“तीपण वाशीचीच. काका, घ्यायचीय ना?”

त्याचे काही चुकले होते असे मी म्हणणार नाही. पहाटे ज्या गाळ्यावरून त्याने माल उचलला तेथपर्यंतच त्याची नजर पोहोचते. गाळेवाल्याची नजर ट्रकपर्यंत, ट्रकवाल्याची भाड्यापर्यंत. माझे पैसे कोठे गेले हे तो चौकोन मला एका क्षणात सांगतो. टोमॅटो कोठून आला असे विचारले की वाट वाशीपाशी संपते. आता कोणी म्हणेल, न कळेना, टोमॅटो लाल आहे ना, मग झाले! मीही तसेच म्हणत होतो. पण एवढ्याशा न कळण्यापायी आमच्या घरातले एक नाते आठ महिने तुटले होते, म्हणून हे पुराण सांगायला बसलो आहे.

बापू हा माझा मावसभाऊ. निफाड तालुक्यात त्याची सहा एकर जमीन आहे. तीन एकर द्राक्षबाग, बाकीच्यात टोमॅटो, कांदा, कधी कोबी. दरवर्षी फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्या बागेतल्या द्राक्षांची एक पेटी आमच्या घरी येते. कधी बापू स्वतः घेऊन येतो, कधी त्याच्या गावचा कोणी ठाण्याला निघालेला असतो. वीस-बावीस वर्षे हा क्रम चालू होता. पेटी आली की सौ. तिच्यातली द्राक्षे वाड्यात प्रसाद वाटावा तशी सर्व मजल्यांवर वाटते आणि प्रत्येक दारात ‘आमच्या भावजींच्या बागेतली’ असे सांगून येते. त्या दोन दिवसांत आमच्या घराण्याला थोडी जमीनदारीची झाक येते.

या सदराच्या जुन्या वाचकांना आमच्या सौ.ची हिशोबाची वही ठाऊक आहेच. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून तिने ती एक दिवस चुकवलेली नाही. २०२३ च्या जुलैत मुंबईकडे टोमॅटोने किलोला दीडशेची मजल ओलांडली, तेव्हा त्या वहीत ‘टोमॅटो पाव किलो ४०’ अशी नोंद झाली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या गेल्या. माझ्या दातांच्या बिलाखालीदेखील तिने एकच रेघ ओढली होती. नेमका त्याच संध्याकाळी बापूचा फोन आला. फोन सौ.ने घेतला.

“काय भावजी, यंदा तुमची मजा आहे! आमच्या सारातला टोमॅटो थेट तुमच्या बंगल्याच्या पायात जाऊन बसला म्हणायचा!”

थट्टाच ती. एरवी या थट्टेला बापूने दुप्पट थट्टेने उत्तर दिले असते. पण पलीकडून थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “वहिनी, दादाला सांगा, नंतर बोलतो.”

ते ‘नंतर’ आलेच नाही. गणपती गेले, दिवाळी गेली. मी दोनदा फोन केला, तो शेतावर होता. फेब्रुवारी संपला तरी पेटी आली नाही. शेजारच्या बाई जिन्यात म्हणाल्या, “यंदा भावजींची द्राक्षं नाही आली वाटतं?” सौ. म्हणाली, “अवकाळीनं बाग गेली हो.” आमच्या संसारात तिला धडधडीत खोटे बोलताना मी फार वेळा पाहिलेले नाही. दुसऱ्या दिवशी मी नाशिकची गाडी पकडली.

बापूने अगत्यात काही कमी केले नाही. चहा झाला, पोहे झाले. मात्र बोलणे हवापाण्याच्या पुढे सरकेना. अखेर त्याची मुलगी सुमन मला बाग दाखवायला घेऊन गेली. ही पोरगी शेतकीची पदवी घेऊन घरीच राहिली आहे आणि घरातली सर्व लिहापुसी तिच्याकडे आहे. बागेत तोडणी चालली होती. बाया कात्रीने घड कापत होत्या, मण्यावरची पांढरी लव पुसली जाऊ नये म्हणून घड देठानेच धरून जाळीत ठेवत होत्या. तेथून माल पॅकहाउसमध्ये जाणार, थंड होणार, पेट्यांत भरला जाणार आणि न्हावाशेवा बंदरातून निघून हॉलंडातल्या रॉटरडॅमला उतरणार. सुमनने तयार पेटीवरची चिठ्ठी मला दाखवली. तिच्यावर आकड्यांची एक लांबलचक माळ होती.

“काका, हा आमचा पत्ता,” ती म्हणाली.

मग तिने मला जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो. परदेशी जाणाऱ्या द्राक्षाचा प्रत्येक प्लॉट दर हंगामात कृषी खात्याकडे नोंदवावा लागतो. त्याला क्रमांक मिळतो. कोणत्या तारखेला कोणते औषध किती फवारले, याची वही ठेवावी लागते. तोडणीच्या आधी प्रयोगशाळेची माणसे स्वतः बागेत येऊन नमुना घेऊन जातात, कारण शेतकऱ्याने पाठवलेला नमुना म्हणजे सासऱ्याने दिलेले जावयाचे प्रशस्तिपत्र. अहवाल चांगला आला तरच पुढची कागदपत्रे निघतात. ही सारी साखळी ‘अपेडा’ या केंद्र सरकारच्या निर्यात-संस्थेने संगणकावर जोडली आहे. तिचे नाव ‘ग्रेपनेट’. २००३ साली आपली द्राक्षे औषधांच्या अंशापायी युरोपात नाकारली गेली, त्या धक्क्यातून हे काम सुरू झाले. आता रॉटरडॅमच्या गोदामात एखाद्या पेटीत खोट निघाली तर त्या आकड्यांवरून उलटे चालत थेट निफाडच्या या बांधापर्यंत येता येते.

“पण त्यांना एवढी चौकशी कशाला?” मी विचारले.

“त्यांच्यासाठी नाही काका, आमच्यासाठी,” सुमन म्हणाली. तिने मला अमेरिकेतल्या पालकाची गोष्ट सांगितली. २००६ च्या सप्टेंबरात तेथे पिशवीबंद कच्चा पालक खाऊन सुमारे दोनशे माणसे आजारी पडली, काही दगावली. कोणता पालक वाईट हे कळेपर्यंत सरकारला साऱ्या देशाला ‘ताजा पालक खाऊच नका’ असे सांगावे लागले. देशभर पालक फेकला गेला. ज्याच्या शेतात काही दोष नव्हता त्याचाही गेला. पुढे आजाऱ्यांच्या घरच्या फ्रिजमध्ये ज्या पिशव्या सापडल्या, त्यांच्यावरच्या छापील क्रमांकांनी शोध मागे मागे गेला आणि कॅलिफोर्नियातल्या मोजक्या शेतांपर्यंत पोहोचला. “पत्ता नसला की एकाच्या पापात सगळे बुडतात,” ती म्हणाली. मुलीच्या तोंडी हे वाक्य जरा मोठे वाटले. पण ते तिचे नव्हते, बापाचे होते, हे मला रात्री कळले.

रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाज टाकून बसलो तेव्हा बापूची जीभ सैल झाली. तो २०१० सालचे सांगू लागला. त्या वर्षी ग्रेपनेट होते, वह्या होत्या, प्रयोगशाळेचे अहवालही उत्तम होते. माल जहाजांतून गेला आणि तिकडे अडकला. क्लोरमेक्वाट क्लोराइड नावाचे एक द्रव्य त्यात सापडले. आपल्याकडे शेतकरी त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची हावरी वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा म्हणून ते वर्षानुवर्षे सगळेच वापरीत होते. ते कीड मारायचे औषध नव्हे, वाढ आवरायचे. म्हणून आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नावच नव्हते. तिकडच्या यादीत होते, आणि तिकडची मर्यादा होती किलोला एका मिलिग्रॅमचा विसावा भाग.

“वहीत मी ते खरं खरं लिहिलेलं होतं, दादा,” बापू म्हणाला. “तारखेसकट. लपवलं काहीच नाही. पण आमची वही तिकडं कोणी वाचली नाही, आणि तिकडची यादी इकडं कोणी आम्हाला वाचून दाखवली नाही.”

ज्याच्यामार्फत माल गेला होता त्याने हात वर केले. बापूला त्या वर्षीच्या मालाचे निम्मे पैसेही मिळाले नाहीत. कर्ज फेडायला चार हंगाम लागले. त्यानंतर ते द्रव्य यादीत आले, शेतकऱ्यांच्या संघाने आणि मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राने गावोगाव सांगितले, आणि काम पुन्हा सुरळीत झाले. पहिल्यांदा न कळल्याची किंमत मात्र शेतकऱ्याच्याच नावावर लागली.

मी विषय हळूच इकडे वळवला. “आणि आम्ही बाजारातून आणतो त्या द्राक्षांचं काय? त्यांची वही असते का?”

“वही सगळ्या बागेचीच असते. सुमी एक ओळ सोडत नाही. विचारणारा रॉटरडॅमचा असतो, एवढंच. तुम्ही कधी विचारलंत?”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. बाविसांच्या वर पेट्या आम्ही खाल्ल्या, पण सौ.ने नाही की मी नाही, शेवटची फवारणी कधी झाली असे कधी विचारले नाही. घरच्या द्राक्षांना कोणी विचारतो का?

बापू उठून आत गेला आणि एक घडी घातलेला कागद घेऊन आला. बाजारात माल विकला की आडत्या शेतकऱ्याच्या हातावर जो हिशोब ठेवतो त्याला ‘पट्टी’ म्हणतात. ही पट्टी टोमॅटोची होती, २०२३ च्या मे महिन्याची. बाजाराचे नाव मी येथे देत नाही. त्या दिवसांत ते कोणत्याही बाजाराचे असू शकले असते. साठ जाळ्या, जाळीत वीस किलो, जाळीचा भाव पंचेचाळीस रुपये. एकूण २७०० रुपये. हमाली-तोलाई वगळून हाती आले २४६०. त्यातून टेम्पोचे भाडे १२००. राहिले १२६०. खुडायला सहा बाया होत्या, प्रत्येकीला तीनशे, म्हणजे १८००. बाराशे किलो टोमॅटो विकून संध्याकाळी बापूने पदरचे ५४० रुपये घातले. रोपे, बांबू, तार, ठिबक, औषधे यांचा हिशोब त्यात नाहीच.

“दुसऱ्या दिवशी मेंढरं सोडली वावरात,” तो म्हणाला. “जुलैत वहिनी बंगल्याचं बोलल्या तेव्हा त्या वावरात एक झाड नव्हतं.”

आणि खरे सांगायचे तर जुलैची महागाई थोडीबहुत त्या मेंढरांनीच आणली होती. मे महिन्यात भाव नाही म्हणून बापूसारख्या अनेकांनी पीक मोडून टाकले, उरलेले उन्हाने, रोगाने आणि नंतर पावसाने गेले; आणि शहरात टोमॅटो दिसेनासा झाला. मेमध्ये शेतकरी रडला, जुलैमध्ये आम्ही रडलो, आणि दोघेही एकमेकांकडे बोट दाखवीत होतो.

आता कोणी म्हणेल, हल्ली तर भाव मोबाइलवर कळतो. कळतो ना! २००० सालापासून ‘अ‍ॅगमार्कनेट’ आहे, २०१६ पासून ‘ई-नाम’ आहे, पणन मंडळ रोजचे दर जाहीर करते. बापूच्या खिशात हे सगळे असते. मी त्याला तसे म्हटले तेव्हा तो हसला. “आजचा भाव आज कळून काय करू? पिकलेला टोमॅटो थांबतो का? मला भाव लावणीच्या वेळी कळायला पाहिजे.”

“तो तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही.”

“भाव नाही कळणार. पण किती जणांनी लावलाय हे कळेल की! रोपं काय आभाळातून पडतात?”

ही गोष्ट माझ्या ध्यानात कधी आली नव्हती. आजकाल शेतकरी टोमॅटोचे रोप घरी करीत नाही, रोपवाटिकेतून विकत आणतो. रोप लावल्यापासून दोन-सव्वादोन महिन्यांनी तोडा सुरू होतो. म्हणजे आज रोपवाटिकांच्या वह्यांत जेवढी रोपे विकलेली आहेत, तेवढा टोमॅटो दोन-अडीच महिन्यांनी बाजारात येणार, हे उघड आहे. पाऊस-रोगाचा फरक सोडा, पण अंदाज तर येईल! त्या साऱ्या वह्यांची कोणी बेरीज केली तर मे महिन्यातली मंदी मार्चमध्येच दिसेल. पण बेरीज करणार कोण? बापूने एका रोपवाटिकेत विचारले होते, “यंदा लागवड कशी काय?” मालक म्हणाला, “फार कोणी लावीत नाही. तुम्ही घ्या.” रोपे विकणे हा त्याचा धंदा, यंदा फार रोपे गेली असे तो आपल्या तोंडाने कशाला सांगेल?

मला वडिलांची आठवण झाली. लहानपणी त्यांच्याबरोबर मी क्रॉफर्ड मार्केटात जात असे. फळांचा घाऊक बाजार वाशीला गेला १९९६ मध्ये. त्याआधी तो तेथे होता. आंब्याच्या हंगामात दोन माणसे समोरासमोर उभी राहून एका रुमालाखाली एकमेकांचा हात धरीत. तोंडाने शब्द नाही, चेहऱ्यावर रेष नाही, नुसती बोटे दाबायची आणि सोडायची. मला वाटे, हे एकमेकांचे बरे-वाईट विचारताहेत. वडील म्हणाले, “सौदा चाललाय. भाव दोघांनाच कळायचा, तिसऱ्याला नाही.” बागायतदार कोठेतरी रत्नागिरीला आपल्या अंगणात बसलेला असे, त्या रुमालाखाली त्याचा हात नसे. आता रुमालाची जागा मोबाइलने घेतली म्हणतात. मला तर वाटते, रुमाल तसाच आहे, जरा लांबरुंद झाला आहे इतकेच.

व्यापाऱ्यांना शिव्या देणे सोपे आहे आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांना ते आवडतेही. पण बापू तसे करीत नाही. तो म्हणाला, आडत्याने मला दोनदा लग्नकार्याला पैसे दिलेत. बँकेने दारात उभे केले नव्हते. शिवाय मधल्या प्रत्येकाच्या हातून थोडा माल सडतो, आणि सडलेल्याचे पैसे उरलेल्याने भरायचे असतात. २०२४ साली रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी हिशोब मांडला, त्यात गिऱ्हाइकाच्या रुपयातले टोमॅटोला ३३ पैसे, कांद्याला ३६ आणि बटाट्याला ३७ पैसे शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात असे निघाले. उरलेले पैसे कोणा एकाच्या पेटीत जात नाहीत. भाडे, हमाली, नासाडी, गाळा, व्याज, नफा अशा दहा ठिकाणी ते पाझरतात. दहाही जणांना आपापल्या ठिकाणचे ठाऊक असते. सबंध रुपया कोणीच पाहिलेला नसतो.

परतीच्या गाडीत मला पूर्वी वाचलेली केरळातल्या कोळ्यांची हकिकत आठवत राहिली. १९९७ ते २००१ या काळात तेथल्या उत्तर किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने मोबाइल आला. त्याआधी तारलीच्या होड्या रोजच्याच बंदराला लागत. एका बंदरात मासळीला गिऱ्हाईक नाही म्हणून ती समुद्रात फेकायची, आणि तेथून काही मैलांवर गिऱ्हाइके रिकाम्या टोपल्या घेऊन घरी जायची, असा प्रकार चाले. मोबाइल आल्यावर कोळी होडीतूनच चार बंदरांना फोन करून मग सुकाणू वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध केला. शेकडा पाच ते आठ मासळी वाया जात होती ती जवळजवळ थांबली. कोळ्यांचा नफा आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचाही फायदा झाला, असे व्यवहारात क्वचितच घडते. पण होडी वळवता येते. लावलेला टोमॅटो वळवता येत नाही. कोळ्याला तासाभरापूर्वी कळले तरी पुरते. द्राक्षवाल्याला फवारणीआधी कळायला हवे, आणि टोमॅटोवाल्याला रोप घेण्याआधी. नंतर कळते ती बातमी नव्हे, सुतकाची चिठ्ठी.

घरी आल्यावर मी पट्टी सौ.च्या हातात दिली. काही बोललो नाही. तिने चष्मा लावून ती दोनदा वाचली, तारीख पाहिली आणि कपाटातून २०२३ ची वही काढली. मे महिन्यातला तोच दिवस. ‘टोमॅटो १ किलो २०.’ दोन्ही कागद तिने शेजारी शेजारी ठेवले. मग पेन्सिल घेतली. ४५ भागिले २०. सव्वादोन. वीस रुपयांत सव्वादोन म्हणजे रुपयाला सव्वाअकरा पैसे. तिने बराच वेळ त्या आकड्याकडे पाहिले आणि फोन उचलला.

“भावजी, त्या दिवशी मी वीस रुपये दिले होते.”

पलीकडचे मला ऐकू आले नाही, पण तो बोलत होता.

“मधले कोणी खाल्ले हो?” तिने विचारले. मग बराच वेळ ती नुसती ‘हं, हं’ करीत होती. शेवटी म्हणाली, “आणि मी बंगल्याचं बोलले.” एवढ्यावर ते प्रकरण मिटले. आमच्याकडे क्षमा मागण्याची याहून लांब पद्धत नाही.

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दोघांचा फोन असतो. ही ठाण्याचे भाव सांगते, तो तिकडचे. तिच्या वहीत आता एक जादा रकाना आला आहे. त्याने भाजी स्वस्त झाली असे मात्र नाही. गाडीवाल्यावर थोडा परिणाम झाला आहे. रोज रोज ‘कुठले?’ असे विचारल्यामुळे कंटाळून तो आता गाळ्यावर चौकशी करून येतो आणि मी तोंड उघडण्याआधीच ‘नारायणगाव’ म्हणून मोकळा होतो. खरे सांगतो की माझे तोंड बंद करतो, हे कळायला मार्ग नाही.

तिकडे सुमनने आणखी एक उद्योग केला. चार-पाच गावांतल्या टोमॅटोवाल्यांचा तिने मोबाइलवर एक गट काढला. ज्याने त्याने आपली लागवड लिहायची, म्हणजे बेरीज सर्वांना दिसेल. पहिल्याच हंगामात बेरीज अशी निघाली की गावात तेवढी जमीनच नव्हती! एक एकर लावणारा अडीच एकर लिहीत होता, दुसऱ्यांनी भिऊन कमी लावावे म्हणून. दुसरेही तितकेच शहाणे. बापू म्हणाला, “बघा वहिनी, आम्ही आडत्याला नावं ठेवतो!”

सुमन खट्टू झाली, पण तिने हात टेकले नाहीत. तिच्या ध्यानात आले की लावणीला जाणाऱ्या बायांच्या टोळ्या गावोगाव फिरतात. कोणाच्या वावरात किती रोपे लागली हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, कारण त्यांची मजुरी त्यावर असते. त्यांची मुकादमीण सरूबाई. चौथीपर्यंत शिकलेली, पण तिच्या वहीत तारीख, शेतकरी, एकर आणि बायांची हजेरी असे सर्व बिनचूक. ती खोटे लिहूच शकत नाही, कारण मग शनिवारी पगार वाटताना भांडण होईल. सुमन आता दर आठवड्याला सरूबाईकडे चहाला जाते. तिच्यासारख्या आणखी दोन मुकादमिणी तिने गाठल्या आहेत. गटावर आता कोणी आकडा लिहीत नाही; सुमन लिहिते, आणि नाव कोणाचे घालीत नाही.

सौ.ला हे फार आवडले. एका रविवारी मी शेजारच्या खोलीतून ऐकले, “भाव राहू द्या भावजी, आधी सरूबाईंच्या वहीत किती झालेत ते सांगा.” त्या उन्हाळ्यात आकडा मोठा निघाला म्हणून बापूने एक एकर टोमॅटो कमी करून कोबी लावला. टोमॅटो पडलाच. कोबीही पडला, पण त्यात मजुरी आणि भाडे निघाले, पदरचे घालावे लागले नाहीत. “कोबीची पण वही पाहिजे,” बापू म्हणाला.

गेल्या हंगामात द्राक्षांची पेटी वेळेवर आली. वर जाड कागदावर सुमनच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली होती: प्लॉटचा क्रमांक, गोडी छाटणीची तारीख, शेवटची फवारणी कोणती आणि केव्हा, तोडणी केव्हा, आणि खाली ‘तोडणारी: हिराबाई’. सौ.ने ती उभ्या उभ्याच वाचली.

“रॉटरडॅमला लिहितात तसंच ना हे?” तिने मला विचारले.

“तिकडं हिराबाईचं नाव नसतं,” मी म्हणालो.

तिने चिठ्ठी अलगद सोडवून हिशोबाच्या वहीत ठेवली आणि मजल्यामजल्यावर द्यायच्या वाट्या काढायला घेतल्या.